टंच मशीन, साडेतीनशेचा काटा आणि पणजोबांचं तांबडं पदक

गडहिंग्लजहून कोल्हापूरला एसटीनं पोचायला दोन तास लागतात. ते दोन तास मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. आत सहा पदकं, दोन जुने रुपये आणि पाण्याची बाटली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "दवाखान्यात का?" मी म्हटलं, "हो, तपासणीच आहे." खोटं काही नव्हतं.

मी शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होतो. निवृत्तीनंतर जुनी पदकं जमवायचा नाद लागला. या नादात सगळ्यात आधी पडणारा प्रश्न म्हणजे हे नेमकं कशाचं आहे? विकणारा चांदीचं म्हणतो. घरातली माणसं "पूर्वीचं म्हणजे चांदीचंच असणार" म्हणतात. सराफ हातात घेऊन, टिचकी मारून काहीतरी सांगतो, आणि ते बहुतेक वेळा आपण विकणार की विकत घेणार यावर ठरतं. म्हणून या वेळी गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, एका टंच काढायच्या (सोन्याचांदीची शुद्धता तपासायच्या) दुकानात गेलो. आधी घरी वजनकाट्यावर जमेल तेवढं केलं होतं. या दोन्हींबद्दल लिहितोय, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग अर्धाच आहे.

दुकानाचं नाव देत नाही. गुजरीत असली बरीच दुकानं आहेत आणि मशीन सगळीकडं साधारण एकाच जातीचं. अरुंद लाकडी जिना, वर दहा बाय बाराची खोली, काचेमागं एक पोरगा आणि त्याच्या शेजारी फ्रीजसारखं दिसणारं पांढरं खोकं. सराफ त्याला कॅरेटोमीटर म्हणतात, हुपरीची चांदीवाली मंडळी नुसतं 'मशीन' म्हणतात. वस्तू आत ठेवायची, झाकण लावायचं, खालून क्ष-किरण सोडले जातात. धातूतला प्रत्येक घटक त्यावर आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतो. ते मोजून मशीन सांगतं की चांदी इतके टक्के, तांबं इतके, जस्त इतके. वस्तूला ओरखडा नाही, तेजाब नाही, कसोटीवर घासणं नाही. मिनिटाच्या आत काम होतं. नगाला पन्नास रुपये.

पहिलाच नग ठेवला आणि पहिली तक्रार तिथंच तयार झाली. पोरानं विचारलं, "काका, सोनं का चांदी?" मी म्हटलं, "तेच बघायला आलोय." तो हसला आणि चांदीचा प्रोग्राम लावला. हे मशीन जगातला कुठलाही धातू ओळखतं असं आपल्याला वाटतं. पण दुकानातल्या मशीनला कामापुरती घटकांची यादी घालून दिलेली असते आणि त्या यादीतल्यांचीच बेरीज ते शंभर करून दाखवतं. यादीत कथील नसेल तर ब्राँझमधलं कथील त्याच्या लेखी नाहीच. तेवढा वाटा गुपचूप बाकीच्यांच्या नावावर चढतो. दुसऱ्या पदकाच्या वेळी मी हे सांगितलं तेव्हा पोरानं मालकाला हाक मारली. मालकांनी कुरकुर न करता मिश्रधातूंचा दुसरा प्रोग्राम काढून दिला आणि पहिला नगही परत लावला, त्याचे पैसे न घेता. त्यासाठी एक तारा जास्त. पण मी बोललो नसतो तर चुकीचा आकडा खिशात घालून घरी आलो असतो, म्हणून तोच तारा परत काढून घेतो.

आता काट्याकडं येतो. ऑनलाइन मागवलेला, तळहाताएवढा, एका ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा, जास्तीत जास्त दोनशे ग्रॅम. किंमत साडेतीनशे. कुठल्या कंपनीचा ते खोक्यावरही धड लिहिलेलं नव्हतं. आल्या आल्या त्याची परीक्षा घेतली पंचम जॉर्जच्या रुपयानं. तो रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. माझा थोडा झिजलेला आहे, काट्यानं ११.५८ दाखवले. शाळेतल्या जुन्या काट्यावरही हाच आकडा आला होता. म्हणजे काटा खरा बोलतो.

पण नुसत्या वजनानं धातू कळत नाही, घनता लागते. काट्यावर प्लॅस्टिकचा पेला ठेवायचा, अर्धा भरेल एवढं उकळून गार केलेलं पाणी घालायचं आणि काटा शून्यावर आणायचा. काचेचा पेला घेऊ नका, तो एकटाच दोनशे ग्रॅम खाऊन टाकतो. मग पदक बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा भिंतीला लागू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल तितके घन सेंटिमीटर पाणी पदकानं बाजूला सारलं. कोरडं वजन भागिले हा आकडा, झाली घनता. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि चांदीसुद्धा हलकी निघते. फीत आधी काढा. भिजलेल्या फितीचा रंग उतरला की ती परत मिळत नाही.

हे सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर चाललं होतं. बायकोनं विचारलं, "देवाच्या नाण्यांना आंघोळ का?" आणि पेला परत मागितला.

शुद्ध चांदी १०.४९. स्टर्लिंग, म्हणजे ९२५ची (हजारात ९२५ भाग चांदी), १०.३६ च्या आसपास. तांबं ८.९६, निकेल ८.९१, पितळ साडेआठच्या आगेमागे. युद्धात चांदी टंचाईची झाल्यावर सरकारनं १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी घातली. ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. त्याची घनता हिशेबानं साडेनऊ येते. मुंबईच्या टांकसाळीनं अलीकडं काढलेली ३५ ग्रॅमची शंभर रुपयांची स्मारक नाणी याच मिश्रणाची आहेत. दिसायला झगझगीत पांढरी, त्यामुळे घेणारे 'प्युअर सिल्व्हर' म्हणून एकमेकांना दाखवतात. सरकारनं काही लपवलेलं नाही, धातू अधिसूचनेतच छापलेला असतो. वाचत कोणी नाही इतकंच.

काट्याची कमजोरीही सांगतो. रुपयाएवढी लहान वस्तू असेल तर पाणी सरकतं एक घन सेंटिमीटरच्या जरा वर, आणि काट्याचा शेवटचा आकडा एकानं जरी हलला तरी घनता जवळजवळ एक टक्क्यानं इकडंतिकडं होते. त्यामुळे ९१७ आहे की ९२५ हे काटा सांगू शकत नाही. चांदी आहे की पितळ, एवढं मात्र छातीठोक सांगतो. दुसरी गंमत म्हणजे तांबं आणि निकेल जवळजवळ सारख्याच घनतेचे, त्यामुळे त्यांचं मिश्रण काट्याला नुसत्या तांब्यासारखंच वाटतं. तिथं डोळे वापरायचे. तांबडं ते तांबं, पांढरं ते कुप्रोनिकेल.

या कुप्रोनिकेलपायी आमच्या गल्लीत एक वाद होता. शेजारी निवृत्त सुभेदारसाहेब आहेत. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर होते, आजोबा पहिल्यात. वडिलांचं वॉर मेडल चांदीचं असं त्यांच्या घरात ऐंशी वर्षं ठरलेलं. पदक चकचकीत, पांढरं, सहाव्या जॉर्जचा मुकुटधारी चेहरा. काट्यावर ८.९३ आली. मशीननं चांदी शून्य, तांबं पाऊणशेच्या जरा वर आणि बाकी निकेल असं सांगितलं. फसवणूक वगैरे काही नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी वॉर मेडल चांदीचं दिलं, दुसऱ्यानंतर तेही परवडेनासं झालं. कॅनडानं तेवढं आपल्या सैनिकांना ८०० टंचाचं चांदीचं दिलं. बर्मा आघाडीसाठी मिळणारा बर्मा स्टारही सोन्याचा नाही, तांबं-जस्ताचा आहे. सुभेदारसाहेब स्लिप बघून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरं झालं, आता चोरीची भीती नाही."

मुलाम्याची गोष्ट सांगितल्याशिवाय ही तपासणी पूर्ण होत नाही, कारण तिथं मशीन सपशेल हरलं.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी पंचम जॉर्जच्या कारकिर्दीचं १९३५ चं रौप्यमहोत्सवी पदक घेतलं होतं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी शेजारी शेजारी. खरं सरकारी पदक चांदीचं, ३२ मिलिमीटरचं. त्याच वर्षी बाजारात आठवण म्हणून विकायला काढलेली स्वस्त धातूची पदकंही ढिगानं निघाली होती, आणि नंतरच्या नकला वेगळ्याच. मी घेतलेल्याची किंमत सांगत नाही, ती बायकोलाही सांगितलेली नाही. गुजरीत मशीननं सांगितलं: चांदी ९८.९ टक्के. पोरगा खूश. "काका, शंभर नंबरी माल आहे."

मला तो आकडाच खुपला. ब्रिटिश टांकसाळीची पदकं स्टर्लिंगची, त्यात साडेसात टक्के तांबं असायला हवं. एवढी चोख चांदी पदकाला कोण घालेल? मऊ पडते, ठसे झिजतात. घरी काट्यानं वेगळंच सांगितलं होतं. वजन २२.८६, सरकलेलं पाणी २.६८, घनता ८.५३. पितळ. मशीनचे क्ष-किरण धातूत केसाच्या जाडीपेक्षाही कमी आत जाऊन परत येतात. मुलामा जरा दणकट असला की मशीनला मुलामाच दिसतो, आणि मुलाम्याची चांदी बहुधा चोखच असते. काट्याला कातडी दिसत नाही, त्याला थेट पोट कळतं. मी मालकांना घनतेचा कागद दाखवला. त्यांनी कडीच्या आतल्या बाजूला, जिथं कोणाला दिसणार नाही, कानशीनं एक बारीक घासा मारला. खाली पिवळं. त्या जागेवर मशीन लावलं तर तांबं आणि जस्त वर आलं. मालक म्हणाले, "आमच्याकडं येणारं गिऱ्हाईक काटा घेऊन येत नाही हो." चांदीचे पैंजण तपासायला आलेल्या आमच्याकडच्या कोणा बाईच्या हातात असली ९८.९ ची स्लिप पडली तर ती बाई काय करणार? सराफ मोडीच्या वेळी वितळवून बघतो तेव्हा कळणार. दुकानानं स्लिपवर 'फक्त पृष्ठभागाची तपासणी' एवढं छापायला हरकत नव्हती.

खऱ्या पदकाला कानस लावू देऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. चिमूटभर धातू गेला याचं दुःख नाही, पण संग्राहकाच्या दृष्टीनं त्या घाशानं पदक निम्म्या किमतीचं होतं. तेजाबाचंही तेच. आणि चिंच-मीठ लावून घासणं तर आमच्या घरचंच पाप, त्यावर आता येतो.

आमच्या पणजोबांचं एक पदक आहे. ते पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला गेले होते, लढायला नव्हे, हमाली आणि रस्ते करायला. परत आले तेव्हा त्यांना सरकारनं पदक दिलं. घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, १९१४ आणि १९१८ ही सालं, दुसऱ्या बाजूला राजाचं डोकं. ब्रिटिश वॉर मेडल. गावात ज्यांची ज्यांची पोरं पलटणीत होती त्यांच्याकडं हेच पदक चांदीचं, पांढरंशुभ्र. आमचंच तेवढं तांबडं. मग घरात गोष्ट तयार झाली की चांदीचं खरं पदक आमच्या चुलत आजोबांनी परस्पर विकून खाल्लं आणि तांबटाकडून ही नक्कल पाडून आणून ठेवली. त्यांना तालमीचा आणि तमाशाचा शौक होता, त्यामुळे आरोप चिकटायला वेळ लागला नाही. माझ्या वडिलांच्या लहानपणापासून दोन घरांत या पदकावरून बोलणं कमी होतं. आजी दर दिवाळीला ते चिंचेनं लखलखीत घासायची आणि घासताना चुलत आजोबांचा उद्धार करायची. त्या घासण्यात कडेवरची अक्षरं जवळजवळ गेली.

मी सुभेदारसाहेबांच्या आजोबांचं चांदीचं वॉर मेडल मागून घेतलं आणि दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच पेल्यात तोलली. चांदीचं कोरडं ३१.८७ ग्रॅम, पाणी सरकलं ३.०९. आमचं तांबडं कोरडं २७.२६, पाणी सरकलं ३.०८. घनता एकाची १०.३१, दुसऱ्याची ८.८५. पण मी घनतेकडं बघतच नव्हतो. ३.०९ आणि ३.०८ या दोन आकड्यांकडं बघत होतो. आकारमान सारखं, केसाचाही फरक नाही. तांबटानं खऱ्या पदकाचा साचा घेऊन ओतीव नक्कल केली असती तर धातू थंड होताना आकसतो, नक्कल लहान निघते. ठसे बोथट येतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात. इथं तसलं काही नव्हतं. घोड्याच्या आयाळीचे केस भिंगाखाली मोजता येत होते.

गुजरीत मशीनवर हेच शेवटी ठेवलं. मिश्रधातूंच्या प्रोग्राममध्ये तांबं ९५ च्या घरात, उरलेलं कथील आणि थोडं जस्त. तांबटाचं नुसतं तांबं नव्हे, मासलेवाईक टांकसाळी ब्राँझ, जुन्या ब्रिटिश पेनीच्या जातीचं. मग मालकांच्या सोनं तपासायच्या भिंगातून कड पाहिली. तिरक्या उजेडात आधी आकडे, मग पणजोबांचं नाव, मग इंग्रजीत 'लेबर' एवढा शब्द उमटला.

ब्रिटिशांनी हे पदक चांदीत सुमारे ६५ लाख काढलं आणि ब्राँझमध्ये सुमारे १ लाख १० हजार. ब्राँझचं मुख्यतः चिनी, माल्टी आणि हिंदी मजूर पलटणींसाठी. राजा तोच, घोडा तोच, युद्ध तेच. बंदूकवाल्याला चांदी, फावडेवाल्याला ब्राँझ. पणजोबांना मिळालं तेच आमच्या घरात होतं, पहिल्या दिवसापासून. चुलत आजोबांनी काही विकलं नव्हतं. त्यांना जाऊन आता चाळीस वर्षं झाली. त्यांच्या नातवाला गुजरीतूनच फोन लावला. तो म्हणाला, "दादा, मग आमच्या आज्याला शिव्या पडल्या त्याचं काय?" मी काय सांगणार? शनिवारी जेवायला बोलावलंय.

बाजारभावाचं म्हणाल तर ब्राँझचं कमी संख्येचं असल्यामुळे जाणकार संग्राहक ते चांदीच्यापेक्षा आवडीनं शोधतात. मालकांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या दुकानात धातूची किंमत तोळ्यावर ठरते.

जाता जाता एक. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, तर ब्राँझचाच असतो, आणि तो क्रायमियन युद्धातल्या रशियन तोफांच्या धातूचा अशी पिढ्यान्‌पिढ्या ख्याती. क्ष-किरणांनी तपासणी झाली तेव्हा बऱ्याच क्रॉसांचा धातू चिनी तोफांशी जुळणारा निघाला. मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना इटलीतल्या लढाईसाठी हा क्रॉस मिळाला, १९४४ आणि १९४५ मध्ये. ते बिल्ले मोडीला घालायचे म्हटले तर त्यांत फारसा किमतीचा धातू नसेल.

आता हिशेब. टंचवाल्यांना पाचपैकी साडेतीन. वागणं चांगलं, मशीन जलद, घाई केली नाही, चहासुद्धा दिला. अर्धा तारा स्लिपसाठी कापला. ती बसच्या तिकिटाच्या कागदासारखी, दोन महिन्यांत पांढरी फटक पडते, तेव्हा लगेच फोटो काढून ठेवा किंवा आकडे वहीत पेन्सिलीनं उतरवा. आणि ही स्लिप म्हणजे हॉलमार्क नव्हे, तिच्या जोरावर कोणाशी भांडायला जाऊ नका. काट्याला साडेचार. झाकणाची बिजागरी आठवड्यात तुटली म्हणून अर्धा कमी.

जायचं तर दुपारी तीननंतर जा. सकाळी हुपरीची मंडळी डबे भरभरून चांदी घेऊन बसलेली असतात, आपला नंबर लागत नाही. दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस तर टाळाच. पोरानं "सोनं का चांदी?" विचारलं की सरळ सांगा, "मिश्रधातूचा प्रोग्राम लाव, कथील-निकेल दिसलं पाहिजे." तो मालकाला हाक मारेल. थांबा.